१८५ चा टायर ७जे रिमवर: बसेल, पण बसवू नका

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची २०१९ ची स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, लोखंडी रिमवर १६५/८० आर१४ टायर. चारही टायर आता गोटा झालेत, बदलायचेच आहेत. नाशिकच्या इंदिरानगरात एका ओळखीच्या माणसाकडे १५ इंची अलॉयचा वापरलेला सेट स्वस्तात मिळतोय. रिमच्या मागे ७जे (म्हणजे ७ इंच रुंद) आणि ईटी ३५ (ते काय, पुढे सांगतो) असं उमटवलेलं आहे. एक दुकानदार म्हणाला, १८५/६५ आर१५ घाला, वरच्या मॉडेलला कंपनी तोच देते. दुसरा म्हणाला, रिम रुंद आहे तर २०५/६५ आर१५ घाला, गाडी भरलेली दिसेल. तुम्हाला विचारायचंय, दोघांपैकी बरोबर कोण.

मी गेली २२ वर्षं पाथर्डी फाट्याजवळ टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगचं काम करतो. माझ्या मते दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. पहिल्याने टायरचा घेर बरोबर धरला, रिमची रुंदी पाहिलीच नाही. दुसऱ्याने रुंदी पाहिली आणि घेर सोडून दिला. तुमचं घोडं अडलंय ते रिमवर. बयाणा दिला नसेल तर तो सेट घेऊ नका. दिला असेल तर परत मागून बघा. का ते सविस्तर सांगतो, कारण उद्या दुसरा सेट बघायला गेलात तर हेच तुम्हाला स्वतः तपासता आलं पाहिजे.

टायरवर १८५/६५ आर१५ लिहिलेलं असतं, त्यातले १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ती जमिनीला टेकणाऱ्या नक्षीची नव्हे, एका साइडवॉलपासून दुसऱ्या साइडवॉलपर्यंतची. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. या सगळ्यात रिमची रुंदी कुठेच लिहिलेली नाही, आणि गोंधळ इथेच होतो. गिऱ्हाईक १५ ला १५ जुळवतं आणि समजतं, जमलं. व्यास जुळला म्हणजे टायर चढेल एवढंच. नीट बसेल की नाही ते रुंदी ठरवते.

शिवाय ती १८५ ची रुंदी ठरलेल्या रिमवर मोजलेली असते. १८५/६५ आर१५ साठी ती मोजणीची रिम साडेपाच इंची आहे, आणि तीवर या टायरची तक्त्यातली रुंदी खरं तर १८९ मिलिमीटर आहे. १८५ हे त्याचं नाव समजा. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर साधारण ५ मिलिमीटर पसरतो, अर्धा इंच अरुंद केली की तेवढाच आखडतो. म्हणजे एकच टायर वेगवेगळ्या रिमवर वेगवेगळ्या आकाराचा होतो, आणि त्याबरोबर त्याची साइडवॉल किती ताठ उभी राहते तेही बदलतं.

म्हणून प्रत्येक मापाला रिमची रुंदी किमान किती आणि कमाल किती, हे ठरवून दिलेलं असतं. टायर कंपन्यांच्या डेटा-बुकात, युरोपची ईटीआरटीओ आणि आपल्याकडची आयटीटॅक या टायरची मापं ठरवणाऱ्या संस्थांच्या तक्त्यांत ते छापलेलं असतं. तुमच्या कामापुरते आकडे असे. १६५/८० आर१४ ला ४ ते साडेपाच इंच. १८५/६५ आर१५ ला ५ ते साडेसहा इंच. १९५/६० आर१५ ला साडेपाच ते ७. २०५/६५ आर१५ ला साडेपाच ते साडेसात. तुमची ७ इंची रिम १८५ च्या हद्दीबाहेर अर्धा इंच आहे. पहिल्या दुकानदाराचा सल्ला इथेच संपतो.

तक्ता हाताशी नसेल तेव्हा मी एक हिशोब करतो. ८० सिरीजच्या (म्हणजे मापातला दुसरा आकडा ८० असलेल्या) टायरला मधली योग्य रिम ही रुंदीच्या ७० टक्के, ६५ आणि ६० ला ७५ टक्के, ५५ आणि ५० ला ८० टक्के, ४५ ला ८५ टक्के. करून बघा. १६५ चे ७० टक्के म्हणजे ११५.५ मिलिमीटर. २५.४ ने भागलं की साडेचार इंच येतात, आणि तक्त्यातही त्या टायरची मोजणीची रिम साडेचारच आहे. १८५ चे ७५ टक्के काढले की साडेपाच येतात. २०५/५५ आर१६ चे ८० टक्के काढले की साडेसहा. टक्केवारी वाढत का जाते? साइडवॉल जितकी बुटकी तितकी तिला वाकायला जागा कमी, म्हणून तिला खालून रुंद पाय लागतात. उंच साइडवॉल थोडी बाहेर फुगलेली असली तरी आपलं काम करते.

आता हद्दीबाहेर गेलं तर होतं काय, ते माझ्या हातून झालेल्या चुकीवरून सांगतो. धंद्यात नवीन होतो तेव्हा एका गिऱ्हाईकाने असाच ७ इंची सेट आणला आणि टायर १८५/६० आर१५ चे हवेत म्हणून हट्ट धरला. टायर चढवला तर बीड बसेना. बीड म्हणजे टायरची आतली कड, तिच्या पोटात पोलादी तारांची जुडी असते. ती रिमच्या कडेला हवेच्या दाबाने घट्ट चिकटते आणि ट्यूबलेस टायरची हवा तिथेच अडते. रिम इतकी रुंद होती की टायर आणि रिमच्या मध्ये बोट जाईल एवढी फट राहिली. साबणाचं पाणी लावलं, जास्त हवा मारली, दोनदा फटाका फुटल्यासारखा आवाज होऊन बीड बसली. मी हवा मोजली, बॅलन्सिंग केलं, गाडी दिली.

दीड महिन्याने तो माणूस सहकुटुंब सप्तशृंगी गडावरून उतरत होता. वळणावर पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि एका झटक्यात सगळी हवा गेली. वेग कमी होता, डोंगराच्या बाजूला होते, सगळे सुखरूप राहिले. टायर माझ्याकडे आला तेव्हा मी खिळा शोधला, कट शोधला, काही नाही. बीडवरून बोट फिरवलं तर बीड आणि रिमच्या मध्ये मुरूम आणि सुकलेल्या गवताच्या दोन काड्या दाबून बसल्या होत्या. म्हणजे वळणावर ओझं आल्यावर बीड क्षणभर रिमपासून सुटली होती, तेवढ्यात हवा गेली आणि रस्त्यावरचं गवत आत शिरलं. ताणलेल्या टायरची साइडवॉल तिरकी होऊन बाहेरच्या बाजूला ओढलेली असते, त्यामुळे बीडला रिमवर दाबून धरणारा जोर कमी पडतो. त्या काड्या बघितल्यापासून मी हद्दीबाहेरच्या रिमवर टायर बसवत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

ताणलेल्या टायरचा दुसरा तोटा आपल्या रस्त्यांवर रोज जाणवतो. नीट बसलेल्या टायरची साइडवॉल रिमच्या कडेपेक्षा किंचित बाहेर असते, त्यामुळे खड्डा किंवा फुटपाथची कड आधी रबराला लागते. ताणलेल्या टायरमध्ये रिमची कड उघडी पडते. सिंहस्थाच्या तयारीत शहरात ठिकठिकाणी रस्ते खणलेत, पावसाळ्यात पेठ रोड, त्र्यंबक रोडची अवस्था तुम्हाला माहीत आहे. अशा रस्त्यावर अलॉयची कड वाकते किंवा तिला बारीक तडा जातो. लोखंडी रिम वाकली तर ठोकून काही अंशी सरळ होते. अलॉयला तडा गेला की मी ती रिम बाजूला काढायलाच सांगतो. वेल्डिंग करून देणारे आहेत, पण पुढच्या चाकाला वेल्डिंग केलेली रिम मी माझ्या घरच्या गाडीला लावणार नाही.

उलटं टोकही तितकंच वाईट. अरुंद रिमवर रुंद टायर घातला की साइडवॉल दोन्ही बाजूंनी पोटासारखी बाहेर येते. टायरचा मधला भाग उंचावतो आणि तोच आधी झिजतो. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर उशिरा वळल्यासारखी वाटते, कारण आधी साइडवॉल मुडपते आणि मग नक्षी हलते. सतत मुडपणं म्हणजे उष्णता. शहरात ४० च्या वेगाला कळत नाही. समृद्धीवर १२० च्या हद्दीपर्यंत, सिमेंटच्या रस्त्यावर, भर उन्हात, चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन दोन तास सलग चालवलं की ती उष्णता साचत जाते. लोक म्हणतात टायर अचानक फुटला. बऱ्याचदा कमी हवा, जास्त ओझं आणि चुकीचं माप यांनी तो आधीच शिजलेला असतो.

टायर रिमवर नीट बसलाय का हे बघायला मी खडू वापरतो. नक्षीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ ओढतो, गाडी सपाट जागेवर सरळ तीस-चाळीस फूट चालवतो आणि रेघ कुठे पुसली ते बघतो. सारखी पुसली तर हवा आणि माप दोन्ही जुळलं. मध्ये पुसली आणि कडेला राहिली तर हवा जास्त किंवा रिम अरुंद. कडेला पुसली आणि मध्ये राहिली तर हवा कमी किंवा टायर ताणलेला. हवा कंपनीच्या आकड्याला आणूनच बघायचं, नाहीतर काहीच कळत नाही. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे, मान्य मापंही तिथेच बघा.

आता दुसऱ्या दुकानदाराकडे येतो. २०५/६५ आर१५ तुमच्या ७ इंची रिमवर हद्दीत बसतो, हे खरं. पण चाकाचा पूर्ण व्यास काढा. तुमचा सध्याचा १६५/८० आर१४ सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. १८५/६५ आर१५ भरतो ६२१.५, म्हणजे जवळपास तोच, आणि कंपनीने वरच्या मॉडेलला तो दिला त्याचं एक कारण हेच. २०५/६५ आर१५ भरतो ६४७.५. साडेचार टक्क्यांनी मोठा. काट्यावर १०० दिसतील तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा साडेचार टक्के जास्त पळत असेल, पिकअप जड होईल, आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या लायनरला घासायची भीती. त्यात स्टेपनी राहिली १४ इंची. पंक्चर झालं की एका बाजूला ६४७ चं चाक आणि दुसऱ्या बाजूला ६२० चं, असा २७ मिलिमीटरचा फरक पुढच्या एक्सलवर घेऊन कसारा घाट चढायचा का? १८५/६५ आर१५ घेतलात तर जुनी लोखंडी स्टेपनी घरी पोचेपर्यंत बिनघोर चालते.

रुंदीइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे ईटी, म्हणजे ऑफसेट. रिमच्या मधल्या रेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी बाजू किती मिलिमीटर बाहेर आहे, तो आकडा. तुम्ही लोखंडी रिमचा आकडा दिलेला नाही, म्हणून उदाहरणासाठी ५जे आणि ईटी ४५ धरतो. त्या जागी ७जे, ईटी ३५ लावली तर रिमची बाहेरची कड ३५ मिलिमीटरने बाहेर येते आणि आतली १५ मिलिमीटरने आत जाते. रुंदीने दोन्ही बाजूंना २५ वाढले, आणि ईटी १० ने कमी झाल्यामुळे सगळं चाक १० मिलिमीटर बाहेर सरकलं. साडेतीन सेंटिमीटर बाहेर आलेलं चाक भरलेल्या गाडीत मागच्या मडगार्डला लागायची शक्यता असते, पाऊस-चिखल दारांवर उडतो, आणि बेअरिंग व सस्पेन्शनवर जे लांबचं ओझं येतं त्यासाठी ते बनवलेले नसतात. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, ते गिऱ्हाईक माझ्याकडे अलाइनमेंटला घेऊन येतं. अलाइनमेंटने ते जात नाही.

मग घ्यायचं काय? १५ इंची साडेपाच जे, नाहीतर ६जे, आणि ईटी तुमच्या मूळ रिमच्या आसपास. त्यावर १८५/६५ आर१५. ६जे आणि ईटी ४० असा सेट मिळाला, तर वरच्याच उदाहरणात बाहेरची कड १८ मिलिमीटर आणि आतली ८ मिलिमीटर सरकते. हे सहसा जमतं, पण टायर भरायच्या आधी एक चाक रिकामं लावून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून मी बघतोच. स्विफ्टच्या नटांची मांडणी ४ × १०० आहे, म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर चार नट, आणि मधलं भोक ५४.१ मिलिमीटरचं. बाजारातल्या अलॉयचं भोक बरेचदा मोठं असतं, तेव्हा मध्ये रिंग घालायला सांगा. ती नसली की चाक हबवर मध्यावर बसत नाही, ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंगला उगाच दोष जातो. नट अलॉयला जुळणाऱ्या बैठकीचेच लावा, आणि शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळून घ्या. जुने नट फेकू नका, स्टेपनीला लागतील.

टायरवर मापापुढे ८८एच असं काहीसं असेल. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो ओझं, एच म्हणजे २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. तुमच्या जुन्या टायरवरचा ओझ्याचा आकडा वाचा आणि नवा त्याच्या खाली जाऊ देऊ नका. आयएसआयचा शिक्का बघा, आणि तारखेचे चार आकडेही. ३५२४ असेल तर २०२४ सालचा ३५ वा आठवडा. वापरलेल्या अलॉयसोबत कोणी टायर फुकट देत असेल तर हे चार आकडे आधी वाचा.

सेट परत जातच नसेल, तर १९५/६० आर१५ हा एकच पर्याय उरतो. त्याची हद्द ७ इंचापर्यंत आहे आणि व्यास ६१५ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या जुन्यापेक्षा एक टक्काही कमी नाही. पण तो हद्दीच्या अगदी कडेला बसतो आणि ईटीचं दुखणं तसंच राहतं. शहरात, एकट्याने, सावकाश चालवणाऱ्याला मी कदाचित हो म्हणेन. तुम्ही लिहिलंय की दर महिन्याला आईवडिलांना घेऊन धुळ्याला जाता आणि परत येताना गाडी भरलेली असते. तुम्हाला मी नाही म्हणेन. सेट विकून टाका, थोडं नुकसान सोसा. आणि अलॉयची हौस पुढच्या वर्षावर ढकलायची तयारी असेल, तर लोखंडी रिमवर चार चांगले १६५/८० आर१४ घाला. हे माप या रस्त्यांना उत्तम आहे, उंच साइडवॉल खड्डे गिळते आणि टायर स्वस्तही पडतो.

दुसरा सेट बघायला जाल तेव्हा पट्टी लावून बाहेरून बाहेर मोजू नका. रिमची रुंदी आतल्या दोन कडांमधली, जिथे बीड बसते तिथली. बाहेरून मोजलं की साधारण एक इंच जास्त भरतो. माझ्याकडे एकजण असाच ७ इंची म्हणून सेट घेऊन आला होता, तो ६जे निघाला आणि त्याचे १८५ चे टायर व्यवस्थित बसले. म्हणून तुमच्या त्या सेटवरही ७जे खरंच उमटवलेलं आहे ना, की विकणाऱ्याने मोजून सांगितलंय, ते आधी स्वतः बघा. आकडा स्पोकच्या मागच्या बाजूला असतो, ब्रेकच्या काळ्या धुळीखाली. ओल्या फडक्याने पुसा, मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, अक्षरं उठून दिसतात. तुमच्या लोखंडी रिमचंही एक चाक काढून तसंच करा आणि दोन्ही आकडे इथे लिहा. ईटीचा नेमका हिशोब मी मांडून देतो.